नाणेघाट ते लेण्याद्री: एका दिवसात जुन्नरचा जुना रस्ता

पुण्याहून जुन्नर साधारण ९० ते ९५ किलोमीटर, म्हणजे कॉलेजच्या ग्रुपला एका दिवसात आरामात होतं, आणि बहुतेक सहली शिवनेरी चढतात, लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घेतात आणि परत फिरतात. आम्ही मुलांना घेऊन आधी नाणेघाटात गेलो, जुन्नरपासून अजून तीसेक किलोमीटर पुढे, कारण जुन्नरची लेणी कळायची असतील तर आधी ती वाट बघायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

तर ही ती वाट. खाली कोकण, वर देश, आणि मधे सह्याद्रीच्या कड्यातली ही अरुंद खिंड. कल्याण, सोपारा या बंदरांवरून माल निघायचा, बैलांच्या पाठीवर लादून इथून वर चढायचा आणि जुन्नरकडे जायचा, सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी. खिंडीच्या तोंडाशी हा जो मोठा दगडी रांजण आहे ना, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं इथे सगळेच सांगतात.

आता या गुहेत या. दोन्ही बाजूच्या भिंती बघा, सगळी ब्राह्मी अक्षरं, आणि त्यातली हकीकत आहे सातवाहन राणी नागनिकेची. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यात काय काय दिलं त्याचा हिशोब, गायी, घोडे, हत्ती आणि नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दक्षिणा लिहिलीय. आकडे अक्षरात नाहीत, चक्क अंकांत आहेत, आणि भारतात एवढे जुने अंक फार कमी ठिकाणी सापडतात. शून्य नाही यात, शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. मॅथ्सवाली मुलं इथून हलायलाच तयार नव्हती आणि आम्हीही घाई केली नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका, आज पुतळे जवळपास गेलेत पण वरची नावं वाचता येतात. एवढा महत्त्वाचा लेख, आणि त्याच्यावर लोकांनी आपली नावं कोरायचा प्रयत्न केलाय, हे बघून खरंच वाईट वाटतं.

बाहेर आलात की समोर जीवधन. तिथून जुन्नरकडे येताना चावंड, हडसर, मग शिवनेरी, या वाटेवर लक्ष ठेवणारे किल्लेच किल्ले. वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ लागतं, कुकडी नदी याच भागात उगम पावते, तिथे डबे उघडले.

लेण्याद्रीला मात्र पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि गर्दी सगळी सातव्या लेण्याकडे, कारण अष्टविनायकांतला गिरिजात्मज तिथे आहे. आपण शेजारच्या सहाव्या लेण्यात जाऊ. हे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ, आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. आणि हे कुणी दिलं? लेखात नाव आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. कल्याणचा! सकाळी ज्या घाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली कोकण बघितलं, त्या कोकणातल्या माणसाने इथे डोंगरात चैत्य कोरून घेतलाय. नाणेघाट आधी का दाखवायचा ते इथे मुलांना आपोआप कळलं, कुणाला काही समजवावं लागलं नाही.

शिवनेरीवर जन्मस्थानापाशी सगळे नतमस्तक झाले, १६३० साली महाराज इथे जन्मले, ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण याच डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत तिकडे फारसं कुणी वळत नाही. जुन्नर परिसरात अशी दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि त्यांच्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारे दाते आहेत, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांची संघटना, आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे, कासारांची आहे. काही दात्यांनी या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवलीय, तिच्या उत्पन्नातून भिक्षुसंघाचा खर्च चालावा म्हणून.

परतीच्या गाडीत हे सांगितल्यावर कॉमर्सची एक मुलगी म्हणाली, सर ही तर एफडी झाली, आणि मग श्रेणीच बुडाली तर पैसे कुणाकडे मागायचे यावर मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत जो वाद पेटला तो नारायणगाव मागे पडलं तरी चालूच होता.