शेअर विकायचे की एमिलीचं मन राखायचं?

30 जानेवारी 1846. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं हावर्थ गाव, तिथं चर्चच्या घरात बसून शार्लट ब्रॉन्टे पत्र लिहितेय, तिच्या जुन्या शाळेतल्या वुलरबाईंना. अजून तिला कोणी ओळखत नाही, तिची गाजलेली कादंबरी जेन एअर यायला पावणेदोन वर्षं आहेत. रेल्वेच्या शेअरमध्ये घबराट पसरलीय आणि बाईंनी काळजीनं विचारलंय, तुमच्या पैशांचं काय?

पैसे मावशीचे. मावशी 1842 मध्ये गेली, तिघी बहिणींना प्रत्येकी जवळपास 300 पौंड ठेवून, आणि ते अडकलेत यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेत. आता 300 पौंड म्हणजे काही श्रीमंती नाही, पण यांचं राहतं घर चर्चचं, वडील पाद्री, ते गेले की क्वार्टर सोडावं तसं घर सोडायचं, आणि वडिलांना तर मोतीबिंदूमुळे दिसेनासं होत चाललंय.

शार्लट बाईंना कळवते की भांडवल अजून शाबूत आहे. पण तिचं स्वतःचं मत विचाराल तर भाव चढे आहेत तोवर विकून मोकळं व्हावं, पैसा कुठंतरी सेफ ठेवावा, कमी मिळालं तरी चालेल. बहिणींना काही हे पटत नाही, त्यातून एमिली तर हट्टी. आणि ही ब्रसेल्सला असताना हिच्या पैशांचा सगळा व्यवहार त्याच एमिलीनं बघितलेला, तोही चोख! मग शार्लट लिहिते की एमिलीच्या विरोधात जाऊन तिला दुखवण्यापेक्षा नुकसान सोसलेलं बरं, तिलाच बघू दे, काय व्हायचं ते होईल.

मार्केट तिला बरोबर कळलं होतं हो, पण घरात रेटवलं नाही.

त्याच पत्रात भावाचाही विषय आहे. ब्रॅनवेल पूर्वी रेल्वेतच क्लार्क होता, स्टेशनच्या हिशोबात 11 पौंड आणि वर थोडी चिल्लर कमी आली म्हणून 1842 मध्ये नोकरी गेली, नंतरची शिकवणीची नोकरी पण गेली, आता दारू. हातात पैसे दिले तर स्वतःचंच वाटोळं करेल, असं ती सरळ लिहून टाकते, सख्ख्या भावाबद्दल.

गंमत म्हणजे दोनच दिवस आधी तिनं लंडनच्या एका प्रकाशकाला चार ओळी पाठवल्यात, कवितांचं पुस्तक काढाल का, तुम्हाला रिस्क नको असेल तर खर्च आमचा. सुरुवातीला 31 पौंड 10 शिलिंग भरले, वर्षभरात खपल्या दोन प्रती. यातलं वडिलांना काहीच माहीत नाही.

मग 1848 च्या सप्टेंबरात ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात धाकटी अ‍ॅन. आणि 1849 मध्येच बहिणींचे पैसे अडकलेल्या त्या रेल्वेचा चेअरमन जॉर्ज हडसन, ज्याला लोक रेल्वे किंग म्हणायचे, त्याची लबाडी बाहेर आली, डिव्हिडंड चक्क भांडवलातून वाटले जात होते.

(त्याच साली आपल्याकडच्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा करार झाला, त्यात तिकडच्या शेअरवाल्यांना 5 टक्क्यांची गॅरंटी होती, कमी पडलं तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून. एकदा हात पोळलेले लोक, फुकट कशाला रिस्क घेतील!)

4 ऑक्टोबर 1849 ला शार्लट आता आपल्या प्रकाशकाला, जॉर्ज स्मिथला, आकडे कळवते. 50 पौंडांचा शेअर 120 वर गेला होता, 10 टक्के डिव्हिडंड यायचा, आज भाव 20. मूळ किमतीनं धरलं तरी माझ्यासारखीला तेवढ्यावर जन्म काढता आला असता, म्हणते, पण हजारो लोकांची रोजची भाकरी गेलीय, माझी नुसती पुढची तरतूद बुडाली, मी कुठल्या तोंडानं रडू. एमिलीचं नाव नाही, दोष नाही. काळजी एकच, वडील आता 72 वर्षांचे, किती बुडालंय याची त्यांना कल्पना नाही, तेव्हा त्यांना एकदम न सांगता हळूहळू सांगायचं.