फलकावर नसलेला नियम

श्रोतेहो, नमस्कार.

भोसरीतल्या एका कारखान्यात शिरताच 'अडचण आली तर लगेच कळवा' असा मोठा फलक दिसे. तेथील कामगारांना आम्ही प्रश्नावली दिली, तेव्हा 'चूक झाली तर मोकळेपणाने सांगता येते का?' या प्रश्नापुढे बहुतेकांनी 'होय' अशी खूण केली. नंतर मी त्याच विभागात तीन आठवडे बसून राहिलो. एका नव्या मुलाच्या हातून जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा भाग, बिघडला, तेव्हा शेजारचा जुना ऑपरेटर हळूच त्याला म्हणाला, "साहेबांकडं जाऊ नको. आधी मला दाखवत जा."

संस्थेची संस्कृती म्हणतात ती या दोन वाक्यांत होती. लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीचा अभ्यास करून मानसशास्त्रज्ञ एलियट जॅक्स यांनी 1951 साली मांडले होते की, विचार करण्याची आणि काम करण्याची जी रीत कारखान्यातल्या लोकांत कमीअधिक प्रमाणात रुळलेली असते आणि नव्याने येणाऱ्याला शिकावीच लागते, ती त्या कारखान्याची संस्कृती. पुढे अमेरिकन अभ्यासक एडगर शाइन यांनी तिचे तीन थर सांगितले : डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, तोंडाने सांगितली जाणारी मूल्ये आणि त्यांच्याखाली दडलेली, कोणी बोलून न दाखवलेली गृहीतके. फलक दुसऱ्या थरातला. त्या ऑपरेटरचा सल्ला मात्र तिसऱ्या थरातून आला होता, आणि तेथवर प्रश्नावली सहसा पोहोचत नाही, कारण माणूस जे गृहीत धरून चालतो ते त्याला स्वतःलाही उत्तर म्हणून सुचत नाही.

प्रश्नावली टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. अनेक शाखांची तुलना करायची तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये तारजोडणी करणाऱ्या 14 कामगारांच्या खोलीत एक निरीक्षक महिनोन्‌महिने बसला, म्हणूनच कळले की जास्त माल काढल्यास जास्त पैसे मिळत असूनही तो गट ठरावीक कामापलीकडे जात नसे, आणि जो भराभर हात चालवी त्याच्या दंडावर सोबती ठोसा मारत. हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता.

अशा निरीक्षणाची परंपरा मानवशास्त्राची आहे, आणि पुण्याला ती परकी नाही. डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेचा अभ्यास करताना निरनिराळ्या भाषांतली नात्याची नावे बारकाईने तपासली. मला वाटते, कारखान्यातही तेथूनच सुरुवात करावी : कोण कोणाला 'साहेब' म्हणतो, कोणाला 'मामा', चहाला कोण कोणाजवळ उभा राहतो, खंडेनवमीला यंत्राची पूजा कोणाच्या हातून होते. यातून अधिकाराचा जो नकाशा उमटतो, तो कार्यालयातल्या तक्त्याशी क्वचितच जुळतो.

त्या ऑपरेटरला मी शेवटच्या आठवड्यात कारण विचारले. पूर्वी एकाने जॉबला गेलेला तडा स्वतःहून दाखवला होता आणि ठपका त्याच्यावरच आला होता, असे त्याने सांगितले. तो कामगार निवृत्त झाला होता, तेव्हाचे साहेब बदलून गेले होते, ते यंत्रही भंगारात निघाले होते. नवा मुलगा मात्र कामावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी तेच शिकला होता.