धुळीआडचा निऑन

नमस्कार, श्रोतेहो. तिमिंगल तारकासमूहात एम ७७ नावाची दीर्घिका आहे, साधारण साडेचार कोटी प्रकाशवर्षं दूर. हिच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या, ठळक तेजस्वी रेषा १९०८ सालीच दिसल्या होत्या. गाभ्यात अवाढव्य कृष्णविवर आहे, पण धुळीच्या जाड वलयाआड. दृश्य प्रकाश तिथे अडतो, अवरक्त किरण बरेचसे निसटतात.

हे किरण निघतात कसे? निऑन घ्या, दुकानांच्या पाट्यांमधला. कृष्णविवरात कोसळणारा वायू तापून अतिनील आणि क्ष-किरण फेकतो, आणि ते निऑनच्या अणूतून एकेक इलेक्ट्रॉन उखडतात. चौथा काढायला ९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात. हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन १३.६ मध्ये सुटतो! ताऱ्यांच्या प्रकाशात एवढा जोर जवळपास नसतोच.

पण उखडणं वेगळं, उजळणं वेगळं. त्या लंगड्या निऑनला भटका इलेक्ट्रॉन धडकतो आणि निऑन ऊर्जेची एक पायरी वर चढतो. पायरी अगदी बुटकी, म्हणून उतरताना सुटणारा किरण अवरक्त : १४.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा. पृथ्वीवरच्या दाट वायूत उतरण्याआधीच दुसरी धडक ती ऊर्जा काढून घेते. दीर्घिकेत मात्र वायू इतका विरळ, की निऑनला निवांत उतरायला सवड मिळते. शास्त्रज्ञ हिला 'निषिद्ध रेषा' म्हणतात. नाव जरा फसवंच, कारण मनाई कुणाचीच नाही, फक्त घाई नाही.

सगळ्याच रेषांचं श्रेय कृष्णविवराच्या प्रकाशाला देऊ नका. १.६४ मायक्रॉनची लोखंडाची रेषा बघा. लोखंड एरवी धूलिकणांत अडकलेलं असतं. कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या वायूच्या झोताच्या किंवा फुटलेल्या ताऱ्याच्या धक्क्याने कण फुटतात, लोखंड मोकळं होतं. हायड्रोजन रेणूची २.१२ मायक्रॉनची रेषाही धक्क्याने उमटते, क्ष-किरणांच्या उबेनेही. त्यामुळे तिच्यावरून एकट्या कृष्णविवरावर आरोप ठेवता येत नाही.

मला कृष्णविवराचा साक्षीदार निवडायचा तर मी निऑनच निवडेन. वासुकी तारकासमूहातली एनजीसी ३६२१ ही मध्यभागी फुगवटाच नसलेली सर्पिल दीर्घिका. दृश्य प्रकाशात शांत वाटायची, तिथे कृष्णविवराची अपेक्षा फारशी कुणाला नव्हती. २००७ मध्ये स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटात तिच्या गाभ्यातून हाच चार इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन चमकताना दिसला.