अकरा मिलिसेकंदांचा हिशेब : व्हीआरसाठी कॉम्प्युटर जुळवताना

नमस्कार. व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाच्या गेमिंगसाठी पीसी असेंबल करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" यावर मी उलट विचारतो, डोक्यावर काय चढवणार आहात ते सांगा. कारण व्हीआरच्या पीसीची यादी वरून खाली नाही, शेवटापासून मागे यायची असते. आधी हेडसेट, मग त्याला लागणारे पिक्सेल, मग ते पिक्सेल वेळेत देणारं कार्ड, मग त्या कार्डाला ताटकळत न ठेवणारा प्रोसेसर. आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याच्याबद्दल मी आज जरा जास्तच बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

थोडे आकडे बघू. साधा मॉनिटर, १९२० बाय १०८०, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. म्हणजे कार्डाला सेकंदाला साधारण १२.४ कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट बाजारात आला. त्याचे दोन्ही डोळ्यांचे मिळून २१६० बाय १२०० पिक्सेल आणि ९० फ्रेम. गुणाकार येतो २३.३ कोटी. पण कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं, की प्रत्यक्षात कार्डाला सेकंदाला सुमारे ४० कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. हे वरचे १७ कोटी आले कुठून?

ते भिंगापायी येतात. डोळ्यापासून बोटभर अंतरावरचा पडदा नीट दिसावा म्हणून मध्ये भिंग असतं आणि ते चित्र कडांकडे ताणतं. मग सॉफ्टवेअर ते चित्र आधीच उलट्या दिशेने दाबून ठेवतं, म्हणजे भिंगातून ते सरळ दिसतं. दाबताना मधला भाग धुरकट होऊ नये म्हणून मूळ चित्रच मोठं काढावं लागतं, दोन्ही बाजूंनी साधारण १.३ ते १.४ पट. म्हणून खोक्यावर छापलेलं रिझोल्यूशन हा तुमच्या कार्डाचा खरा भार नव्हे.

आता आजच्या हेडसेटकडे या. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ : एका डोळ्याला २०६४ बाय २२०८. दोन डोळ्यांचे मिळून ९१ लाख पिक्सेल होतात, म्हणजे फोर-के टीव्हीपेक्षा जास्त. ते सेकंदाला ९० वेळा. ८२ कोटी, आणि हे भिंगाचा हिशेब धरायच्या आधीचे. २०१६ मध्ये रिफ्टसाठी जीटीएक्स ९७० कार्ड पुरेसं म्हणून सांगितलं जायचं. ती जुनी यादी अजून लोकांच्या डोक्यात आहे. "व्हीआर रेडी" असा स्टिकर लावलेलं कार्ड नेमकं कोणत्या सालच्या व्हीआरसाठी रेडी आहे, हे त्या स्टिकरवर लिहिलेलं नसतं!

पण पिक्सेलपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेळ आहे. सेकंदाला ९० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद. १२० वर गेलात तर ८.३. ७२ वर आलात तर १३.९. मॉनिटरवर खेळताना आपण सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते बघतो आणि खूश होतो. एखादी फ्रेम उशिरा आली तर चित्र जरा अडखळतं, आपण पुढे जातो. व्हीआरमध्ये तुमची मान वळलेली असते. आतल्या कानाला कळलेलं असतं की डोकं फिरलं, आणि डोळ्यांसमोरचं जग मात्र जागेवर थांबलेलं. शरीराला हे पटत नाही. घाम येतो, मळमळतं, काहींना तर तासभर बरं वाटत नाही. म्हणून सरासरी सोडा. सर्वांत वाईट फ्रेमला किती वेळ लागला, ते विचारा.

आणि इथे "जवळजवळ वेळेत" असं काही नसतं. ८:१२ची लोकल तुम्ही अर्ध्या सेकंदाने चुकवली काय नि अर्ध्या मिनिटाने चुकवली काय, पुढच्या गाडीचीच वाट बघायची. फ्रेम ११.३ मिलिसेकंदांत तयार झाली तर ती ११.१ची वेळ चुकली, आता तिची पाळी २२.२ला. मधल्या वेळेत हेडसेटचं सॉफ्टवेअर जुनीच फ्रेम डोक्याच्या नव्या दिशेप्रमाणे वळवून दाखवतं. वारंवार चुकायला लागलं तर गेमला ४५ फ्रेमवर आणतं आणि मधल्या ४५ स्वतः अंदाजाने बनवतं. ऑक्युलसवाले त्याला स्पेसवॉर्प म्हणतात, स्टीमव्हीआरमध्ये मोशन स्मूदिंग. युक्ती हुशारीची आहे, पण हातासमोरून वेगाने काही गेलं की कडा पाण्यात हलल्यासारख्या लिबलिबतात.

हा पडद्यावर जो आलेख दिसतोय तो स्टीमव्हीआरमधलाच आहे, फ्रेम टायमिंगचा. फुकट आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. एक पट्टी ग्राफिक्स कार्डाची, एक प्रोसेसरची. इथे बघा, कार्डाची रेष ९ मिलिसेकंदांच्या आसपास शांत चाललेली आहे. सगळं छान. आणि मध्येच हा सुळका, १९चा. मग परत ९. सरासरी काढलीत तर हा सुळका दिसणारही नाही. पण हेडसेट घातलेल्या माणसाला विचारा, त्याला तेवढाच आठवतो. आता खाली प्रोसेसरची रेष बघा, नेमक्या त्याच जागी तीही उडालेली आहे. म्हणजे या माणसाने अजून महागडं कार्ड आणलं असतं तरी हा सुळका गेला नसता. मी कुणालाही सांगतो, जुना पीसी असेल तर आधी हा आलेख बघा, मगच खिशात हात घाला.

तर कार्ड. आज क्वेस्ट ३ दर्जाच्या हेडसेटसाठी नवं कार्ड घेत असाल तर माझ्या मते १२ जीबी मेमरी ही खालची मर्यादा आणि १६ जीबी हे समाधान. मेमरी भरली की कार्ड टेक्स्चर्स, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं, पीसीच्या रॅममध्ये ठेवायला लागतं आणि तिथून पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ओढून आणतं. आणि पुन्हा तोच सुळका. फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असेल. पण नुसता जीबीचा आकडा बघूनही चालत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती होती, पण तिची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १२८ बिटचा, वेग सेकंदाला २८८ गिगाबाइट. जुन्या ३०८०ला १० जीबीच, पण वेग ७६०. व्हीआरमध्ये इतके पिक्सेल सतत आत-बाहेर होत असतात, की हा वेग जाणवतो. नव्यांत ५०७०चा वेग ६७२ आणि मेमरी १२ जीबी, ५०७० टीआयचा ८९६ आणि १६. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटीही १६ जीबीचं आहे. आणि ५०६० टीआय घेताना डोळे उघडे ठेवा. एकाच नावाने ८ आणि १६ अशी दोन कार्डं विकली जातात. बिलावर जीबी लिहून घ्या.

दुकानात तुम्हाला फ्रेम जनरेशनचे आकडे दाखवतील. अमुक गेम दोनशे फ्रेमने! व्हीआरच्या खरेदीसाठी ते आकडे बाजूला ठेवा. ती पद्धत दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घुसवते, त्यासाठी खरी फ्रेम थोडी अडवून धरते. म्हणजे विलंब वाढतो, आणि व्हीआरला नेमका विलंबच सोसत नाही. एनव्हिडियाच्याच डीएलएसएसचा, लहान चित्र मोठं करणारा भाग वेगळा, तो काही गेममध्ये व्हीआरलाही उपयोगी पडतो.

प्रोसेसरकडे येऊ. इथे लोक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग मोजतात. गेमचं मुख्य काम अजूनही एकदोन कोअरवरच अडकलेलं असतं, म्हणून सोळा कोअरपेक्षा वेगवान आठ बरे. आणि एएमडीच्या एक्सथ्रीडी मालिकेला व्हीआरवाले उगाच डोक्यावर घेत नाहीत. २०२२चा ५८००एक्सथ्रीडी, पुढच्या वर्षीचा ७८००एक्सथ्रीडी, मग ९८००एक्सथ्रीडी, तिघांतही ९६ मेगाबाइट एलथ्री कॅश. गेमला वारंवार लागणारा डेटा प्रोसेसरच्या अगदी शेजारी राहतो, रॅमपर्यंतच्या खेपा वाचतात, आणि सुळके कमी होतात. सरासरी किती वाढते हा वेगळा विषय, मला त्याचं फारसं कौतुक नाही. ज्यांच्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा जुना बोर्ड आहे त्यांनी सगळा पीसी मोडीत काढण्याआधी सेकंडहँड ५८००एक्सथ्रीडी मिळतो का ते पाहावं. बजेट तंग असेल तर रायझेन ५ ७६०० घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला.

रॅम ३२ जीबी, १६च्या दोन कांड्या. एसएसडी एनव्हीएमई. झालं. यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही.

आता क्वेस्टवाल्यांसाठी एक वेगळा मुद्दा. भारतात क्वेस्ट बरीच वर्षं अधिकृतपणे विकायलाच नव्हता, तरी घरोघरी तोच दिसतो, कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाने आणलेला. या हेडसेटला डिस्प्लेपोर्ट, म्हणजे कार्डातून थेट चित्र घेणारी जोडणी नाही. यूएसबीची वायर लावलीत तरी चित्र थेट जात नाही, ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेमचा व्हिडिओ बनवतं, हेडसेट तो उलगडतो. त्यामुळे कार्डातला व्हिडिओ एन्कोडर हाही खरेदीचा निकष झाला. क्वेस्ट ३ला एव्ही१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ उलगडता येतो, क्वेस्ट २ला नाही. कार्डाच्या बाजूने एव्ही१ आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७००० मालिकेपासून पुढे मिळतं.

बिनवायरचं खेळायचं असेल तर लोक मला विचारतात, "आमच्याकडे ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, चालेल ना?" प्लॅनचा इथे संबंध नाही. हा डेटा घरातल्या घरात फिरतो, इंटरनेटवर जातच नाही. गडबड वेगळी असते. फायबरवाल्याने राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे बसवलेला, पीसी बेडरूममध्ये वायफायवर, हेडसेटही वायफायवर. म्हणजे तेच चित्र एकदा भिंत ओलांडून राउटरकडे आणि पुन्हा भिंत ओलांडून तुमच्याकडे. पीसी ते राउटर लॅनची वायर टाका, खेळायच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र वायफाय ६ राउटर ठेवा. हा खर्च कार्ड एक पायरी वर नेण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी आहे आणि फरक जास्त दिसतो.

आता एसएमपीएस. लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्यात, कोटेशन हातात आलं की शेवटून वाचा. वर कार्डाचं पूर्ण नाव असतं, कंपनी, मॉडेल, रंगसुद्धा. खाली येता येता अक्षरं कमी होत जातात. "रॅम १६ जीबी, १ नग." एकच कांडी, म्हणजे मेमरीचा अर्धाच रस्ता चालू. आणि सर्वांत खाली "एसएमपीएस ६५०". कुठली कंपनी? कुठलं मॉडेल? वॉरंटी किती वर्षं? काही नाही. एनव्हिडिया ५०७०साठी ६५० वॅट आणि ५०७० टीआयसाठी ७५० वॅट सांगते, पण ते खरे वॅट धरून. कार्ड क्षणभरासाठी छापील मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त ओढतं. एटीएक्स ३ या मानकात हे झटके सोसायची अट घातलेली आहे, म्हणून त्या मानकाचाच एसएमपीएस घ्या. दुकानदाराने "सर, यात काही होत नाही" म्हटलं, तरीही.

यूपीएसबद्दल कुणी विचारत नाही. घरोघरी जो ६०० व्हीएचा डबा असतो तो साधारण ३६० वॅटचा. एकटं ५०७० टीआय ३०० वॅट खातं. गेम चालू असताना लाइट गेली की तो यूपीएस चीं करून बंद, आणि पीसीही. आणि उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं, तिथे काचेच्या बंद तोंडाचं कॅबिनेट घेऊ नका, पुढून जाळी हवी. परीक्षणांतले तापमानाचे आकडे एसी खोलीतले असतात.

(श्रोत्यांमधून : लॅपटॉपवर चालेल का?)

क्वेस्टसाठी चालेल. पण सोनीचा पीएसव्हीआर २ हेडसेट पीसीला जोडायचा ॲडॅप्टर किंवा व्हॉल्व्ह इंडेक्स घेतलात तर डिस्प्लेपोर्ट लागतो आणि बऱ्याच लॅपटॉपना एचडीएमआयच असतं. टाइप-सीमधून डिस्प्ले निघतो, पण तो पोर्ट कधी ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असतो, कधी प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला. दुसऱ्या प्रकारचा निघाला तर हेडसेट तुमचं महागडं कार्ड बघतच नाही. विकत घेण्याआधी त्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघा.

(श्रोत्यांमधून : सेकंडहँड घ्यावं का?)

कार्ड घ्या, हेडसेट जपून. विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेट स्वस्तात दिसतात, एचपीचा रिव्हर्ब जी२ वगैरे. २०२४च्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने त्यांचा आधारच काढून टाकला. चित्र उत्तम, पण अधिकृत सॉफ्टवेअर नाही. म्हणून ते स्वस्त आहेत. कार्डाचं म्हणाल तर मूळ जीएसटी बिल मागा, काही कंपन्या वॉरंटी सिरियल नंबरवर देतात, काहींना बिल लागतं. विकणाऱ्याच्या घरी जा. दोन मिनिटांचा बेंचमार्क दाखवतील, तो बघून उठू नका. अर्धा तास गेम चालू ठेवायला सांगा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पंख्याचा आवाज आणि मेमरीचं तापमान बघा. ३०८०सारख्या कार्डांत मेमरी फार तापते, आतले थर्मल पॅड वाळलेले असतात. पॅड बदलणं अवघड नाही, पण तेवढे पैसे किमतीतून आधी कमी करून घ्या.