डोकं झाकून मैदानात: कलम, कापड आणि सही

(ग्वाल्हेर येथे शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थिनी व क्रीडा प्रशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ग्वाल्हेरात मुलींच्या खेळाविषयी बोलताना प्रस्तावना फार लागत नाही. झाशीच्या राणीची समाधी इथलीच, आणि 1957 साली तिच्या नावाने निघालेलं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालयही इथलंच. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

एखाद्या सनातनी समाजातली मुलगी आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली नाही की आपण 'धर्म आडवा आला' म्हणतो आणि मोकळे होतो. प्रशिक्षकाचं एवढ्यावर भागत नाही. गाडं नेमकं कुठे अडलं हे त्याला शोधावं लागतं, आणि ते पुष्कळदा अगदी बारीक जागी अडलेलं असतं.

जून 2011 मध्ये अम्मानला इराणचा महिला फुटबॉल संघ जॉर्डनविरुद्ध ऑलिंपिक पात्रता सामना खेळायला उतरला होता. डोकं आणि मान झाकणारा पोशाख नियमात बसत नाही, या कारणाने सामना झाला नाही आणि जॉर्डन 3-0 असा विजयी ठरला. डोकं उघडं ठेवलं तर देश पाठवणार नाही, झाकलं तर फिफा खेळू देणार नाही! आक्षेप मुख्यतः सुरक्षेचा होता आणि तो अगदीच पोकळ होता असं मला वाटत नाही. सैल कापड ओढलं गेलं तर गळ्याला फास बसू शकतो, पिन टोचू शकते. त्यावर उपाय शिवणकामात होता. जुलै 2012 मध्ये चाचणीपुरती परवानगी मिळाली आणि 1 मार्च 2014 ला ती कायम झाली. अटी अशा: रंग काळा किंवा जर्सीचाच मुख्य रंग, धोकादायक काही नको आणि शिरोवस्त्र जर्सीला जोडलेलं नको. ही शेवटची अट नीट लक्षात ठेवा. जोडलेलं असेल तर जर्सीला बसलेला हिसका थेट मानेला बसतो.

बास्केटबॉलला आणखी वेळ लागला. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी शिरोवस्त्र काढायला नकार दिला आणि सामना सोडला. नियम बदलून लागू व्हायला 1 ऑक्टोबर 2017 उजाडला. 2017 च्या त्या नियमात रंग काळा, पांढरा किंवा गणवेशाचा मुख्य रंग, संघात सगळ्यांचा एकच, चेहरा उघडा, चेहऱ्याभोवती किंवा मानेजवळ उघडझाप होणारं काही नाही. म्हणजे पिन बाद आणि गाठही बाद.

ज्यूदोचं गणित वेगळं आहे. तिथे गळा आवळण्याचे डावच असतात. म्हणून 2012 ला लंडनमध्ये सौदीच्या वुजदान शहरखानीसाठी मान मोकळी ठेवणाऱ्या टोपीवर तडजोड झाली. तिची लढत 82 सेकंदांत संपली. वेटलिफ्टिंगमध्ये कोपर सरळ लॉक झालं की नाही हे पंचाला दिसावं लागतं. त्यामुळे 2011 पासून आत अंगाला चिकटून बसणारा पूर्ण पोशाख चालतो, सैल बाही मात्र चालत नाही.

आता मुलींनो, कामाचं सांगते. सुती ओढणी घामाने जड होते, घसरते, आणि खेळाडूचा हात दर धावेनंतर डोक्याकडे जातो. हलकं, ताणलं जाणारं पॉलिएस्टरचं विणलेलं कापड घ्या आणि डोक्यावरून एकदम चढवता येईल असं एकसंध शिवून घ्या. कानावर दोन थर आले तर शिट्टी आणि साथीदाराची हाक दबते. तिथे एकच पातळ थर ठेवा. संघाच्या दोन्ही रंगांच्या किटला जुळणारे सुटे नग बॅगेत हवेत. तो पोशाख स्पर्धेत पहिल्यांदा घालायचा नाही. आधीचे काही आठवडे, उन्हातसुद्धा, सराव त्यातच करायचा. आयोजकांना फोटोसह लेखी कळवा, नियमाचं पान छापून सोबत ठेवा आणि सामन्याच्या आदल्या दिवशीच्या बैठकीत कापड दाखवून टाका. कोर्टाच्या कडेला वाद घालून कुणाचंच भलं होत नाही.

कापडाचा प्रश्न सुटला तरी हॉलचा उरतो. इराणमध्ये मुलींचा सराव पुरुषांना बंद असलेल्या सभागृहात चालतो, म्हणजे प्रशिक्षकही बाईच लागते. ती मिळाली की काय होतं? 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला 27-24 असं हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. मराठी माणसाने यावर हसावं की रडावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग येते सही. इराणमध्ये विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी नवऱ्याची संमती लागते. 2015 मध्ये फुटसालच्या, म्हणजे पाच-पाच जणींच्या छोट्या फुटबॉलच्या, संघाची कर्णधार निलूफर अर्दलान याच कारणाने आशियाई फुटसाल स्पर्धेला मुकली. तिथे इराण जिंकला. अशी अडचण निवडीच्या दिवशी कळून उपयोग नाही, ती शिबिराच्या आधीच विचारून घ्यायची असते.

उलट बाजूही पाहा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सने आपल्याच खेळाडूंना हिजाबची बंदी केली. धावपटू सूनकांबा सिल्ला उद्घाटनाला टोपी घालून आली. तिथे कारण धर्मनिरपेक्षतेचं होतं, पण पोशाख ठरवणारा अधिकारी पुन्हा दुसराच.

आणि शेवटी अफगाणिस्तान. तालिबानच्या पहिल्या राजवटीत, 1999 मध्ये, ऑलिंपिक समितीने त्यांना निलंबित केलं. सिडनीला ते नव्हते, आणि 2004 ला अथेन्समध्ये रोबिना मुकिमयार आणि फ्रिबा रेझायी या त्यांच्या पहिल्या महिला ऑलिंपिकपटू ठरल्या. क्रिकेटमध्ये 2017 पासून अफगाणिस्तान आयसीसीचा पूर्ण सदस्य आहे. 2020 च्या नोव्हेंबरात 25 मुलींना करार मिळाले, 2021 मध्ये तालिबान परतले, आणि त्यातल्या बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात गेल्या. 30 जानेवारी 2025 ला मेलबर्नमध्ये त्या एकत्र येऊन एक सामना खेळल्या, पण देशाचा अधिकृत संघ म्हणून नव्हे. पुरुषांचा संघ मात्र आयसीसीच्या स्पर्धा खेळत राहिला. निलंबनाने पुरुष खेळाडूंवर अन्याय होतो हे मला मान्य आहे. तरीही महिला क्रिकेटची अट सदस्यत्वात लिहायची आणि ती मोडली की पाहत राहायचं, हे मला पटत नाही.