इमारत जोडावर गळते

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीनंतर इमारतींच्या क्षेत्रात जायचं म्हटलं की आपल्या घराघरांत दोनच नावं निघतात, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत या दोहोंच्या मधली एक स्वतंत्र पदवी आहे, आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी. परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत ती कधीकधी ‘आर्किटेक्चरच, पण लवकर होणारं’ म्हणून खपवली जाते. ते खरं नाही. ही पदवी नेमकी कशाची, हे सांगायला मी तुम्हाला थोडा वेळ लंडनला नेतो.

लंडनच्या पूर्वेला, न्यूहॅम भागात, रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती. लोक राहायला येऊन दोनेक महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता, स्फोट झाला. स्फोट तसा मोठा नव्हता, त्या बाई स्वतः वाचल्या. पण भिंतीची काँक्रीटची पॅनेलं बाहेर ढकलली गेली, वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले आणि त्यांच्या भारानं खालचेही कोसळत गेले. इमारतीचा एक कोपराच वरपासून खालपर्यंत उतरला. चार माणसं गेली.

पॅनेलं कारखान्यात ओतलेली, चांगली भक्कम होती. घात केला तो दोन पॅनेलांमधल्या जोडांनी. पुढं १९८६ मध्ये ती इमारत एकेक मजला करून उतरवली, तेव्हा कित्येक जोड नीट भरलेलेच नव्हते असं दिसलं. नकाशात इमारत सुंदर दिसत असेल, इंजिनिअरचं गणित बरोबर असेल, पण भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे काय भरायचं, कोणी, कोणत्या क्रमानं, आणि ते झालं की नाही हे कसं तपासायचं? या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी.

ब्रिटनमध्ये हा वेगळा पेशा कसा झाला? १९५८ मध्ये तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेनं ऑक्सफर्डला परिषद भरवली आणि ठरवलं, की आर्किटेक्टचं शिक्षण विद्यापीठात, वरच्या पातळीवर व्हावं. मग रोजची तांत्रिक ड्रॉइंगं करणाऱ्या लोकांचं काय? त्यांनाही रीतसर शिक्षण हवं, हा विचार तिथूनच पुढे आला. १९६५ मध्ये त्यांची वेगळी संस्था निघाली, आणि २००५ मध्ये तिला राजसनद मिळाली.

आपल्याकडची गंमत पाहा. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकलेचं शिक्षण सुरू झालं ते १८९६ मध्ये, ड्राफ्ट्समनच्या वर्गानं. म्हणजे सुरुवात यांच्यापासूनच! पुढे आर्किटेक्टचं कॉलेज झालं, कायदा झाला, कौन्सिल झाली. ड्राफ्ट्समन मात्र ड्राफ्ट्समनच राहिला. नव्या आर्किटेक्टला छज्जा कसा काढायचा हे ऑफिसातला जुना ड्राफ्ट्समन शिकवतो. त्याच्या ज्ञानाला पदवी नाही, आणि पाटीवर नावही नाही. मला हा अन्याय वाटतो.

आता अभ्यास कसा असतो ते सांगतो. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. पुष्कळ ठिकाणी मध्ये एक वर्ष ऑफिसात काम करायची सोय असते. ती मिळाली तर सोडू नका, कारण वर्गात काढलेलं डिटेल, म्हणजे एखाद्या जोडाचं बारकाव्यानिशी केलेलं ड्रॉइंग, साइटवरच्या माणसाला वाचता येतं का, हे तिथेच कळतं. बांधकामाचं साहित्य, अग्निसुरक्षा, इमारतींचे नियम, करार हे सगळं शिकवतात. संगणकावर इमारतीचं अख्खं मॉडेल करायलाही शिकवतात. या सॉफ्टवेअरवर फार भाळू नका. ते इथे पुण्यातही शिकता येतं.

खरा कस लागतो तो भिंतीच्या छेदात. भिंतीचा एक उभा काप घ्यायचा, खऱ्या मापाच्या एकपंचमांश आकारात काढायचा आणि प्रत्येक थर तिथे का आहे ते सांगायचं. ब्रिटिश घराची भिंत बहुधा दोन पदरी, मध्ये पोकळी. बाहेरचा पदर भिजतो, पाणी पोकळीत उतरतं आणि खाली ठेवलेल्या फटींतून बाहेर जातं. पाणी आत येणारच, हे आधी कबूल करून केलेली ही रचना आहे. दुसरं पाणी मात्र आतूनच येतं. हिवाळ्यात स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ भिंतीत शिरते आणि थंड थराला टेकली की तिचं पाणी होतं. म्हणून वाफ अडवणारा पडदा तिथे भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूला लावतात.

आता हेच डिटेल जसंच्या तसं मुंबईत आणा. बाहेर पावसाळ्याची दमट हवा, आत एसी. उबदार बाजू आता बाहेरची झाली! पडदा आत ठेवलात तर बाहेरून शिरलेली वाफ त्याच थंड पडद्यावर पाणी होऊन बसते, आणि भिंत आतल्या आत ओल धरते. म्हणून तिथलं ड्रॉइंग पाठ करून उपयोग नाही. वाफ कुठून कुठे जाते आणि कुठे थंड होते, हे समजलं पाहिजे.

हे शिकलेल्या मुलाला आपल्या गवंड्याच्या गोष्टीही वेगळ्या दिसू लागतात. गच्चीवर विटांचे तुकडे बसवून केलेला ब्रिकबॅट कोबा, गच्ची आणि कठड्याची भिंत मिळते तिथे मारलेला वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर कोपरा, छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेशी ठेवलेली बोटभर खाच. ती खाच नसली तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरपटत थेट भिंतीपर्यंत येतं. आपल्याकडे या गोष्टी सवयीनं होतात, आणि घाई असली की पहिल्यांदा त्याच गाळल्या जातात.

भिंतीच्या थरांत काय भरलंय याचं महत्त्व ब्रिटनला पुन्हा कळलं ते १४ जून २०१७ ला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण मेले. जुन्या इमारतीला बाहेरून नवं आवरण चढवलं होतं. त्या पत्र्यांच्या पोटातलं प्लॅस्टिक पेटलं आणि आग भराभर वर चढली. त्यानंतर २०२२ मध्ये नवा इमारत सुरक्षा कायदा आला. उंच इमारतींत काय लावलं, कोणी ठरवलं आणि का, याची नोंद आता इमारत उभी असेपर्यंत जपावी लागते. ही नोंद ठेवू शकणारी माणसं तिथे हवी आहेत.

आता पालकांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. ही पदवी घेतली म्हणून तिथे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. १९९७ च्या कायद्यानं ते नाव नोंदणी झालेल्यांसाठी राखून ठेवलंय. आपल्याकडेही १९७२ चा आर्किटेक्ट कायदा आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की तो ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो, डिझाइनचं काम इतरांना करायला बंदी घालत नाही. तरीही परत येऊन स्वतःच्या नावानं आर्किटेक्टची पाटी लावायची असेल, तर आधी इथे पाच वर्षांचं बी.आर्क. करा आणि मग तंत्रज्ञानातली मास्टर्स पदवी घ्यायला जा. तसे अभ्यासक्रम ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत आहेत. आणि पदवीलाच जाणार असाल, तर तो अभ्यासक्रम तिथल्या आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्टांच्या सनदी संस्थेनं मान्य केलेला आहे का, हे फी भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.

नमस्कार.