दिवसातली मोकळी जागा

(सांगलीत बँका, पतसंस्था आणि कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दिवसभर काउंटरवर बसून, संध्याकाळी पुन्हा खुर्चीत बसून ऐकायला तुम्ही आलात, याचं मला फार मोल वाटतं. तुमच्यातल्या कितीतरी जणींना इथून घरी जाऊन कुकर लावायचाय, हेही मला ठाऊक आहे. त्यामुळे मुद्द्यावरच येते.

मी एका सहकारी बँकेत 31 वर्षं नोकरी केली. क्लार्क म्हणून लागले, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. पहिली वीसेक वर्षं मला वाटायचं, वेळेचं नियोजन म्हणजे दिवसात जास्तीत जास्त कामं बसवणं. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेघा मारायच्या आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. एका मार्चअखेरीला वसुली, व्याजाच्या नोंदी, ऑडिटची तयारी, वरच्या ऑफिसला रोज जाणारी पत्रकं, सगळं त्या वहीत व्यवस्थित बसवलं होतं. आणि रात्री तीनला मी दचकून उठायचे, कुणाच्या तरी कर्जखात्याचं नूतनीकरण राहिलं म्हणून. महिनाभरात रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मी आळशी नव्हते, मला काम येत नव्हतं असंही नाही. वही भरलेली होती, हाच तिचा दोष होता. ते कळायला मला काउंटरवरच्या रांगेचं गणित शिकावं लागलं.

हे गणित तुम्हाला नीट सांगते, कारण माझं आजचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणितज्ञ होते. एकाच वेळी खूप फोन आले की किती जणांना थांबावं लागेल, याचा हिशेब त्यांनी 1909 पासून मांडायला घेतला. तोच हिशेब आपल्या काउंटरला लागू होतो. समजा एकच काउंटर आहे. माणसं त्यांच्या सोयीनं येतात, ठरवून येत नाहीत. कुणाचं काम दोन मिनिटांत होतं, कुणाचं पंधरा मिनिटं चालतं. सरासरी पाच मिनिटं धरा. काउंटरवरची मुलगी दिवसाचा 80 टक्के वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी 20 मिनिटं थांबावं लागतं. ती 90 टक्के वेळ कामात असेल, तर 45 मिनिटं. आणि 95 टक्के असेल, तर 95 मिनिटं!

काम वाढलं किती? ऐंशीचं पंच्याण्णव झालं. थांबणं वाढलं जवळजवळ पाचपट. काउंटरवरची मुलगी तीच, तिचा वेगही तोच. गेली ती फक्त मधली मोकळीक. ती मोकळीक असते तेव्हा एखाद्या आजोबांची सही जुळली नाही आणि दहा मिनिटं जास्त गेली, तरी ती दहा मिनिटं त्या मोकळिकीत जिरून जातात. ती नसेल, तर तीच दहा मिनिटं मागच्या प्रत्येकाच्या अंगावर पडतात आणि संध्याकाळपर्यंत उतरत नाहीत. आपला दिवस म्हणजे असंच एक काउंटर आहे. माझ्या वहीत मी शंभर टक्के कामं लिहीत होते. मग सकाळी अकराला आलेल्या एका फोननं माझा सहा वाजेपर्यंतचा दिवस मोडला, तर त्यात नवल काय?

आपल्या सांगलीकरांना हे दुसऱ्या कुणी शिकवायला नको. कोयना धरणाची क्षमता साधारण 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी. पण अर्धा पावसाळा शिल्लक असताना धरण काठोकाठ भरू द्यायचं नसतं. वरून येणाऱ्या पाण्यासाठी जागा राखावी लागते. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांचा संसार पाण्यात होता. त्या महापुराची कारणं अनेक आहेत, त्या वादात मी शिरत नाही. पण धरणातली रिकामी जागा वाया गेलेली नसते, हे आपल्याला पटलेलं आहे. मग दिवसातल्या रिकाम्या तासाची आपल्याला लाज का वाटते?

जागा किती ठेवायची? मी साडेसात तासांच्या दिवसात पाच तासांचीच कामं लिहायला लागले. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटायचं. पण अडीच तास कधी रिकामे राहिलेच नाहीत. कुणी ना कुणी ते भरतंच. शिवाय काम किती वेळ घेईल याचा आपला अंदाज बहुतेक वेळा तोकडाच पडतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? त्यांचं सरासरी उत्तर होतं सुमारे 34 दिवस. लागले 55 च्या वर. गंमत म्हणजे, सगळं बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं सुमारे 49. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला.

आता रात्री तीनचं बघू. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, हे तुम्हाला पुस्तकातून कळायची गरज नाही. 2011 मधल्या एका अभ्यासात मात्र एक उपयोगी गोष्ट दिसली: काम पुरं न करताही, ते कधी आणि कसं करणार एवढं नेमकं ठरवलं, की त्याचं डोक्यात घुसणं कमी होतं. मला हे वाचलं तेव्हा आपली तेरीज आठवली, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींचा ताळा. तेरीज जुळल्याशिवाय आपण घरी जात नाही. पण तेरीज जुळते म्हणजे सगळी येणी वसूल झालेली असतात का? नाही. प्रत्येक रक्कम कुठल्या खात्यावर उभी आहे, एवढंच नक्की झालेलं असतं. मी रोज निघण्यापूर्वी दहा मिनिटं कामांची तेरीज काढायला लागले. राहिलेलं प्रत्येक काम, त्याच्यापुढे वार आणि वेळ. ‘बघू’, ‘लवकरच’ असले शब्द त्या पानावर चालायचे नाहीत. ‘गुरुवारी साडेदहाला, फाइल काढून ठेवली आहे’ असं लिहायचं. झोप परत यायला दोन-अडीच आठवडे लागले. पण आली. ज्यांची गोळी सुरू आहे त्यांनी मात्र ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मोबाइलबद्दल थोडक्यात. एक काम अर्धं टाकून दुसऱ्यावर उडी मारली, की मन थोडं पहिल्यातच अडकून राहतं. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पाच मिनिटांनी नजर टाकणाऱ्याचं हेच होतं. अकरा, दोन आणि साडेचार, एवढ्या वेळा बघून माझी शाखा कधी बुडाली नाही. तातडीचं असेल तर माणूस फोन करतो.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे. वाचून दाखवते. ‘साडेपाचला साहेब फाइल आणून ठेवतात आणि म्हणतात, जरा एवढं करून जा. शेवटची एसटी सव्वासहाची. काय सांगायचं?’

ताई, तुमची तेरीज तयार असेल तर ती उघडी करून साहेबांपुढे ठेवा आणि म्हणा, “साहेब, हे आज घेतलं तर उद्या सकाळचं पत्रक दुपारी जाईल. आधी कुठलं करू?” नकार द्यायचा नाही, निवड त्यांच्याकडे द्यायची. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापेल. माझाही कापला होता.

पण हा भार एकट्या ताईंवर टाकणं मला मान्य नाही. ज्याच्या हातात स्वतःच्या वेळेचा ताबा नसतो, त्याला नियोजनाचे धडे देऊन काय उपयोग? पुढच्या दोन रांगांत शाखाधिकारी आणि सचिव बसले आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. दुसऱ्या दिवशीचं काम दुपारी चारच्या आत सांगा. चारनंतर सुचलं तर स्वतःच्या वहीत लिहा आणि सकाळी द्या. एखाद्या टेबलावरचा माणूस अर्धा तास मोकळा दिसला, तर त्याला लगेच फाइल देऊ नका. त्याच्या काउंटरसमोर साडेअकराला गर्दी होणार आहे, तेव्हा तो अर्धा तास तुमच्याच ग्राहकाच्या कामी येईल.

आणखी चिठ्ठ्या असतील तर द्या. पण सव्वासहाची एसटी ज्यांची आहे, त्यांनी खुशाल निघावं, मला वाईट वाटणार नाही.